कुठून सुरू करू?

"नमस्कार. मी डिचोलीचा. अकरावीत आहे. मला विज्ञानकथा वाचायच्या आहेत. कुठून सुरू करू?"

चवथीच्या, म्हणजे गोव्यातल्या गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या विज्ञानकथावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज आला. मी फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी होते. पंगती उठल्या होत्या, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला बांधलेल्या फळांचा आणि रानातल्या पानांचा ओलसर वास ओसरीभर पसरला होता, आणि आतल्या खोलीत बायका जरा आडव्या झाल्या होत्या. ग्रुपवर पुण्या-मुंबईची माणसं जास्त, काही नाशिक-सांगलीची, दोघं-तिघं परदेशात आणि आम्ही मोजके गोंयकार. त्या पोराच्या प्रश्नावर सगळे तुटून पडले. फाउंडेशन. ड्यून. थ्री-बॉडी प्रॉब्लेम. मग कुणीतरी पहिल्या क्रमांकापासून पंचविसाव्यापर्यंत यादीच टाकली. कुणी आपल्या कपाटाचा फोटो पाठवला, कुणी मालिकांची नावं दिली, कुणी म्हणालं आधी सिनेमे बघ आणि मग पुस्तकांकडे वळ. 'फाउंडेशन'वाला असिमोव्ह प्रकाशनाच्या क्रमाने वाचावा की कथानकाच्या, यावरून दोघांची चांगलीच जुंपली आणि ती संध्याकाळच्या आरतीपर्यंत चालली. आरतीच्या घुमट वाद्यावर थाप पडली तशी मी फोन ठेवला. रात्री पाहिलं तर साठएक नावं जमली होती, आणि त्यांच्या खाली त्या मुलाचे जोडलेले दोन हात. पुढे काहीच नाही.

ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. ग्रुपवरच्या माणसांना मी चांगली ओळखते. कुणी मिरवायला नावं टाकली नव्हती. आयुष्यभर एकट्याने वाचलेल्या माणसाला कुणी विचारलं की तो असाच भडभडून बोलतो. विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या वाट्याला असा प्रश्न कमीच येतो. घरात, ऑफिसात, लग्नकार्यात आपल्याला आवडलेल्या गोष्टीबद्दल बोलायला गेलं की समोरचा दोन मिनिटांत विषय बदलतो. त्यामुळे एखाद्याने आपणहून विचारलं की सगळं भांडार एकदमच उघडतं. आनंद खराच असतो. पण अकरावीतल्या मुलाने त्या साठ नावांचं करायचं काय?

आमच्या गावच्या वाचनालयात एक काका बसत. वाचनालय म्हणजे देवळाच्या अग्रशाळेची, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेची, एक खोली, तीन लाकडी कपाटं आणि एक लांब बाक. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरायची, म्हणून काका कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत. त्या गोळ्या, ओल आणि खळ यांचा मिळून जो वास यायचा तो अजूनही एखादं जुनं पुस्तक उघडलं की नाकात शिरतो. काका आधी पुस्तक देत नसत. बाकावर बसवत आणि भलतंच काही विचारत. काल दिवसभर काय केलंस, रात्री वीज गेली तेव्हा काय करत होतीस. मी सांगितलं, टॉर्च उघडून त्यातला आरसा काढला आणि त्याने भिंतीवर उजेड पाडत बसले. काकांनी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न काढून दिला. तोफेतून चंद्राकडे निघालेली तीन माणसं. "हें वाच. मागीर म्हाका सांग, कशें दिसलें तें." हातात पुस्तक एकच असायचं आणि परत करताना त्याबद्दल बोलावं लागायचं. गोळ्याच्या आत बसलेल्या माणसांचा तोफ उडताना चेंदामेंदा कसा झाला नाही, असं मी विचारलं तेव्हा काकांचा चेहरा जो फुलला तो मला स्वच्छ आठवतो. त्या प्रश्नासाठी त्यांनी मला भौतिकशास्त्राचं एक पातळसं पुस्तक दिलं. व्हर्नने १८६५ साली लिहिलेल्या गोष्टीतली अडचण गोव्यातल्या एका खेड्यातली पोर काढते, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

त्या पुस्तकांची शेवटची कोरी पानं तर मला गोष्टीइतकीच आवडायची. वाचून झाल्यावर लोक तिथे पेन्सिलीने लिहीत. "फार छान. जरूर वाचा." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "पहिली वीस पाने कंटाळवाणी, धीर धरा." त्याखाली, "शेवट आधी वाचल्यास पाप लागेल." एका पुस्तकात कुणीतरी फक्त "रात्रभर झोप नाही" एवढंच लिहिलं होतं, पेन्सिल इतकी दाबून की अक्षरं मागच्या बाजूला उठली होती. त्यावर बोट फिरवलं की लागायची. तो माणूस कोण ते मला कधीच कळलं नाही, पण त्याच्या शब्दावर मी ते पुस्तक घरी नेलं आणि मलाही झोप आली नाही.

पुढे टीव्ही आला. १९८९ च्या सुमाराला दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'इंद्रधनुष' लागत असत तेव्हा आमच्या वाड्यावर टीव्ही असलेली घरं थोडीच होती. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर अख्खा भाग सांगावा लागायचा. वीज मध्येच गेली असेल तर उरलेला आम्ही मनाने पुरा करत असू. शिफारस हा शब्दही माहीत नव्हता. सांगता सांगता आपल्याच अंगावर काटा आला की ऐकणारा पुढच्या वेळी कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहायचाच.

तो काटा ग्रुपवरच्या साठ नावांत कुठेच नव्हता.

एरवी तो मला पणजीत भेटतो, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत. २००४ पासून इफ्फी गोव्यात होतो आणि दर नोव्हेंबरात जुन्या जीएमसीच्या, म्हणजे पूर्वीच्या मेडिकल कॉलेजच्या, आवारात गळ्यात पास अडकवलेली माणसं उन्हात रांगेत उभी असतात. दुपारच्या त्या रांगेत मागेपुढे कोण आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, पण "सकाळी काय पाहिलंत?" हे कुणीही कुणालाही विचारतं. उत्तरादाखल नुसतं नाव सहसा येत नाही. माणूस मान वळवतो, क्षणभर शोधतो, आणि म्हणतो, त्यात एक म्हातारी आहे, तिच्या घरी एक यंत्र येतं आणि ते यंत्र तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात बोलतं, पण सिनेमा भीतीचा नाही हो, दोघं मिळून भाजी निवडतात त्यात. एवढं ऐकून मी हातातलं तिकीट सोडून दुसऱ्या रांगेत गेले आहे. त्या अनोळखी बाईंची आणि माझी परत गाठ पडली नाही, तरी भाजी निवडायला बसले की कधीतरी त्या आठवतात.

आणि ग्रुपवरही एकदा असं झालं होतं. २० मे २०२५ ला सकाळी खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत विष्णू नारळीकर गेल्याची बातमी आली. त्या दिवशी कुणी यादी टाकली नाही. आदरांजलीचे ठरीव शब्दही फार कुणी लिहिले नाहीत. ज्याने त्याने आपण पहिली कथा कुठे वाचली ते लिहिलं. कुणी पंढरपूरच्या एसटी स्टँडवर, गाडी चुकल्यावर, रद्दीतल्या अंकात. कुणी आईच्या बाळंतपणासाठी आजोळी राहिलेलं असताना माळ्यावर. एकाने त्यांची 'हिमप्रलय' भर मे महिन्यात दादरला मामाच्या घरी पंख्याखाली वाचली होती. मुंबईत बर्फ पडतो, हे वाचताना पाठीवरून घाम ओघळत होता आणि तरीही पांघरूण घ्यावंसं वाटलं, असं त्याने लिहिलं. एका बाईंनी ती जुनी हकीकत पुन्हा सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण परीक्षकांनी कथा वाचावी ती कथा म्हणूनच, एवढी एकच अट त्याने स्वतःला घातली. पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरी त्या दिवशी ती वाचताना माझे डोळे भरून आले. नाव झाकलं तरी कथा पोचते, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं होतं.

त्या दिवसाचं सगळं लिखाण मी जपून ठेवलं आहे. ते वाचून कुणालाही नारळीकर वाचावेसे वाटतील.

तर चवथीच्या त्या रात्री मला झोप येईना. समोर मखरात गणपती, समई तेवत होती, आणि एकदम सुचलं की या मुलाला आज कुठली गोष्ट द्यायची असेल तर ती समोरच बसली आहे. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती'. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जास्त बोलत नाही. एक गणपतीची मूर्ती, एक क्रिकेटचा सामना आणि मोबियसची पट्टी यांची त्या कथेत गाठ पडते. गणपतीची सोंड कुठल्या बाजूला वळली आहे हे आपल्याकडे शेंबडं पोरही आधी बघतं. उजव्या सोंडेचा असेल तर सोवळं कडक, हे घराघरात माहीत. तेवढ्याच माहितीवर लेखक बोट धरून तुम्हाला आपल्या तीन मितींच्या बाहेर नेऊन ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या मुलीला बसवून मी ती पट्टी केली. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) डब्यात घालायला आणलेला पातळ बटर पेपर होता, त्याची चार बोटं रुंद, हातभर लांब पट्टी कापली. एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि दोन्ही टोकं चिकटवली. मग तिला तिच्या उजव्या पंजाचं छोटं चित्र पट्टीवर काढायला लावलं आणि त्याच्या शेजारी तसंच दुसरं, पुढे तिसरं, असं अंगठ्याची दिशा सांभाळत पट्टीवरून सरकत जायला सांगितलं. कागद आरपार दिसणारा, म्हणजे शाई दोन्हीकडून दिसते. एक फेरी पुरी होऊन ती निघाली त्या जागी पोचली तेव्हा पहिल्या पंजावर नवा पंजा पडला तो डावा. ती आधी म्हणाली, "आत्या, माझंच चुकलं." पुन्हा केलं. पुन्हा डावा. वाटेत कुठेही तिने हात उलटा काढला नव्हता, कागदाची कड ओलांडली नव्हती, भोक पाडलं नव्हतं. ती गप्प झाली, मग हळूच मान वर करून तिने मखरातल्या सोंडेकडे पाहिलं. मी गोष्टीतलं अक्षर सांगितलं नव्हतं. मग आम्ही ती पट्टी मधोमध, लांबीने कापली. दोन वेगळी कडी होतील असं तिचं ठाम मत. झाली एकच, दुप्पट लांब, जास्त पिळलेली. ऑगस्ट मोबियस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ही पट्टी १८५८ मध्ये शोधली, असं मी तिला सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती नवी पट्टी कापायला लागली होती.

त्या मुलाला मी वेगळा मेसेज केला. 'यक्षांची देणगी' हा संग्रह मिळव, सुरुवात कृष्णविवराने कर, पण त्याआधी किंवा नंतर गणपतीची गोष्ट गाठ, आणि वाचून झाल्यावर मला सांग काय वाटलं ते. पट्टीचा फोटो सोबत जोडला. त्याचं उत्तर चवथीची सुट्टी संपता संपता आलं. गणपतीची गोष्ट त्याने शोधून वाचली होती, आवडली होती, पट्टीही करून पाहिली होती. "पण ताई, मी ड्यून सुरू केलंय. मावसभावाकडे होतं." मला आश्चर्य वाटलं. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पोरं मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी होतं. मधल्या त्या उडीत वाचन सुटतं, दोन्ही भाषांतलं. हा मुलगा मराठी शाळेतला, आणि एकदम फ्रँक हर्बर्टचं १९६५ चं ते जाडजूड पुस्तक. मी विचारलं, तेच का?

त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. साठ नावांच्या गर्दीत सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांनी ड्यूनखाली एक ओळ लिहिली होती, ती माझ्या नजरेतून निसटली होती: "वाळवंटाचा एक ग्रह आहे, तिथे जे जमिनीतून काढतात ते सगळ्या विश्वाला हवं आहे, आणि तिथे राहणाऱ्यांना प्यायला पाणी नाही." त्याखाली मुलाने लिहिलं होतं, "हे आमच्याकडचं आहे म्हणून."

आम्ही पुढे पणजीत भेटलो, पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. बारीक, लाजरा मुलगा, कदंबच्या बसने आला होता. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिलेले, काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं. त्याच्या वडिलांचा खाणीवर चालणारा ट्रक होता. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा हा तीन वर्षांचा, त्याला काहीच आठवत नाही. मधे पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, ते मात्र आठवतं. ट्रक घरामागे ताडपत्रीखाली उभा राहिला आणि पोरं त्याच्यात लपाछपी खेळू लागली. गावाच्या वर खाणीचा खड्डा आहे, तळ्यासारखा भरलेला, पाणी हिरवंगार. पावसात डंपवरून, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावरून, तांबडा गाळ शेतात उतरतो आणि गावची विहीर उन्हाळ्यात आटते. हे सगळं तो कुणावर राग न धरता सांगत होता. वडिलांचं पोट त्याच खाणीवर भरलं, हेही त्याने सांगितलं. मग पुस्तक उघडून त्याने मला दाखवलं, वाळवंटातली माणसं अंगाचा घामसुद्धा गाळून पुन्हा पितात, तसा पोशाख घालतात, ते वर्णन. "असं खरंच करता येतं का?" आणि लगेच, "पण मुळात ज्यांचा ग्रह आहे त्यांच्यावरच ही पाळी का?"

मी बघतच राहिले. ड्यून मी दोनदा वाचलं आहे, पडद्यावरही पाहिलं आहे. राजघराणी, वाळूतले अजस्र किडे, भविष्य दिसणारा नायक, यावर आम्ही ग्रुपवर रात्री जागवल्या आहेत. विहिरीच्या बाजूने ते कुणी वाचलं नव्हतं.

मला वाटायचं की सुरुवात आपल्या अंगणातल्या गोष्टीने व्हावी, आणि अजूनही बरंचसं तसंच वाटतं. मराठीत गणपतीच्या सोंडेतून चौथी मिती दाखवणारा लेखक होऊन गेला आणि आपल्या पोरांना त्याच्या आधी परदेशी नावं कळतात, याचं दुःख होतंच. पण कुणाचं अंगण कुठवर गेलं आहे ते बाहेरून दिसत नाही. काकांना ते दिसायचं कारण ते समोर बसवून विचारत. सांगलीच्या सरांनी त्या मुलाला कधी पाहिलं नव्हतं. तरी त्यांना स्वतःला त्या पुस्तकात काय टोचलं ते त्यांनी लिहिलं, आणि दूर डिचोलीत एकाला ते आपलं वाटलं. शिफारशीत 'सर्वोत्तम' आणि 'अवश्य' हे शब्द फुकट जातात. असिमोव्हच्या १९४१ सालच्या एका कथेबद्दल "अजरामर" म्हटलं तर कुणी पान उलटणार नाही. "एका ग्रहाला सहा सूर्य आहेत, तिथे रात्र होते ती २०४९ वर्षांतून एकदा, आणि ती रात्र आता जवळ आली आहे" एवढं सांगा. शेवट फुटत नाही, गोष्ट मात्र सुरू होते. विज्ञानकथेचं हे मोठं सुख आहे की तिचा गाभा बहुधा एका श्वासात सांगता येतो. प्रेमकथेचं असं होत नाही.

ग्रंथालयातून निघताना आम्ही त्याच्यासाठी लक्ष्मण लोंढे आणि सुबोध जावडेकर या मराठी विज्ञानकथालेखकांची पुस्तकं शोधायला मराठी विभागाकडे वळलो. कपाटासमोर तो थबकला आणि म्हणाला, खाण संपल्यावर त्या ग्रहाचं पुढे काय होतं, यावर कुणी लिहिलंय का? म्हणजे काढणारे निघून गेल्यानंतर. मला पटकन सांगता आलं नाही. घरी येऊन ग्रुपवर विचारलं, आणि या वेळी सोबत अट घातली की नावाखाली कारण लिहायचं. उत्तरं कमी आली, पण प्रत्येकावर थांबावंसं वाटलं. एकाने अर्सुला ल ग्विनची १९७२ ची लघुकादंबरी सुचवली. तिच्यात पृथ्वीवर लाकूड उरलेलं नाही म्हणून माणसं दुसऱ्या ग्रहावर जंगल तोडायला जातात, आणि तिथल्या रहिवाशांसाठी जंगल आणि जग एकच आहे. ती मी त्याला पाठवली आहे, आणि आता आम्ही दोघं ती बरोबरच वाचतो आहोत. पण तीही काढणाऱ्यांच्या काळातलीच गोष्ट आहे. त्याने विचारलेली त्याच्या नंतरची, हिरव्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याची आणि ताडपत्रीखालच्या ट्रकची. मराठीत, कोकणीत, कुठल्याही भाषेत तशी कथा तुमच्या वाचनात आली असेल तर मला कळवा. जुना दिवाळी अंक असला तरी चालेल, मी शोधून काढीन. फक्त नावासोबत एक ओळ लिहा, ती वाचताना तुमचं काय झालं त्याची. मी ती तशीच्या तशी डिचोलीला पोचवते.